चाकुलियाची धावपट्टी: सालवनातल्या बी-२९ तळाचं आज काय उरलंय आणि ते ओळखायचं कसं?

टाटानगर_पॅसेंजर

नमस्कार मंडळी. हावडा-नागपूर-मुंबई मार्गावर टाटानगर आणि खरगपूर यांच्या साधारण मध्यावर चाकुलिया स्टेशन लागतं. जिल्हा पूर्व सिंहभूम, झारखंड. पलीकडे लगेच बंगालची हद्द. उपग्रह नकाशावर गावाशेजारी सालाच्या जंगलात एक लांबलचक करडी पट्टी दिसते, तिला फुटलेले फाटे आणि फाट्यांच्या टोकांना काँक्रीटचे तुकडे. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन विमानतळ, एवढं कळलं. पुढची माहिती मात्र एकमेकांशी जुळत नाही. मार्चमध्ये त्या भागात जाणं आहे, म्हणून विचारतो:

१. तळ कुणाचा, कुठली विमानं, किती काळ?
२. असल्या आडरानात एवढी मोठी धावपट्टी कशासाठी? आणि मग सोडून का दिली?
३. जागेवर गेल्यावर मूळ युद्धकाळातलं बांधकाम आणि नंतरची डागडुजी यात फरक कसा करायचा?

जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर उपकार होतील.

पूर्व_आघाडी

क्रमाने सांगतो.

चाकुलिया हा अमेरिकेच्या ४० व्या बाँबर्डमेंट ग्रुपचा, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीचा तळ. विमान बोईंग बी-२९ सुपरफोर्ट्रेस, लांब पल्ल्याचं जड बॉम्बफेकी. पहिलं बी-२९ इथे उतरलं २ एप्रिल १९४४ रोजी, ग्रुपचे कमांडर कर्नल लेनर्ड हार्मन यांनी आणलेलं. कॅन्ससहून निघून मोरोक्कोतलं माराकेश, मग कैरो, मग कराची आणि शेवटी चाकुलिया, असा सुमारे साडेअकरा हजार मैलांचा प्रवास. वाटेत विमानं पडलीही. एप्रिलच्या मध्यात एकट्या कराचीच्या आसपास आठवडाभरात पाच अपघात झाले आणि मागची सगळी विमानं जिथल्या तिथे थांबवावी लागली. जमिनीवरच्या माणसांचा मोठा भाग जहाजाने मुंबई बंदरात उतरला आणि तिथून रेल्वेने पूर्वेकडे गेला.

तळ एकटा नव्हता. वरचं मुख्यालय म्हणजे एक्सएक्स बाँबर कमांड, ते खरगपूरजवळ हिजलीला. ज्या बंदीगृहात १६ सप्टेंबर १९३१ रोजी पोलिसांनी राजबंद्यांवर गोळीबार केला आणि संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त मारले गेले, त्याच इमारतीत हे मुख्यालय बसलं. १९५१ साली आयआयटी खरगपूर सुरू झालं तेही तिथेच. एका इमारतीत वीस वर्षांत तीन काळ येऊन गेले आणि ती अजून उभी आहे. चाकुलियाला जाणाऱ्याने हिजली चुकवू नये.

चार लढाऊ ग्रुप चार तळांवर: ४० वा चाकुलियाला, ४६२ वा पियारडोबाला (बांकुडा जिल्हा, विष्णुपूरच्या दक्षिणेला), ४६८ वा खरगपूरजवळच्या सालुआला आणि ४४४ वा आधी पुरुलियाजवळ चर्रा इथे, मग जुलै १९४४ पासून दुधकुंडीला. दुधकुंडी वेळेत तयार झालं नाही म्हणून चर्राचा तात्पुरता आसरा घेतला होता. जालावर चर्रा हा पाचवा बी-२९ तळ म्हणून येतो. तारखा पाहिल्या तर तो जेमतेम दोन-तीन महिन्यांचा मुक्काम.

हीच जागा का? जपान्यांच्या विमानांच्या सहज टप्प्याबाहेर, कलकत्ता बंदराजवळ, बंगाल नागपूर रेल्वेच्या रुळांलगत, आणि बी-२४ या आधीच्या, लहान बॉम्बफेकी विमानासाठी १९४२-४३ मध्ये बांधलेल्या धावपट्ट्या आधीपासून हाताशी. कलकत्त्याजवळच्या बजबजहून इंधनाची नळवाहिनी या तळांपर्यंत टाकली. सगळ्या तळांवर मिळून सुमारे ६,००० अमेरिकन सैनिक आणि २७,००० हिंदी मजूर राबले. हे काम चाललं तेव्हा बंगालचा १९४३ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता आणि शेजारचा मेदिनीपूर जिल्हा ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळानेही उद्ध्वस्त झाला होता. मजुरांच्या आकड्याकडे बघताना हे विसरता येत नाही.

मैदानी

म्हणजे जपानवर बॉम्ब टाकायला विमानं इथून थेट जायची ना? अणुबॉम्बची विमानंसुद्धा इथूनच गेली असं एका ठिकाणी वाचलं.

पूर्व_आघाडी

@मैदानी, दोन्ही नाही. अणुबॉम्बची विमानं प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटावरून गेली. चाकुलियाच्या ग्रुपशी त्यांचा संबंध नाही. आणि चाकुलियाहून जपान बी-२९ च्याही आवाक्याबाहेर होतं.

थेट हल्ले व्हायचे ते आग्नेय आशियात. ५ जून १९४४ ची पहिली मोहीम बँकॉकच्या माकासान रेल्वे कारखान्यावर होती. ९८ विमानं उडाली, ७७ लक्ष्यापर्यंत पोचली. पाच गमावली, पण शत्रूच्या गोळीने एकही नाही. सगळी अपघात आणि बिघाडांमुळे. परतताना पावसाळी ढगांत चुकलेली बरीच विमानं दुसऱ्याच धावपट्ट्यांवर उतरली. नंतर रंगून, सिंगापूर, क्वालालंपूर ही लक्ष्यं झाली.

जपानसाठी आधी हिमालयाची पूर्वेकडची डोंगररांग, वैमानिकांच्या भाषेत 'हंप', ओलांडून चीनमधल्या चेंगडूजवळच्या चार धावपट्ट्यांवर जायचं. अंतर सुमारे १,२०० मैल. तिथून जपानमधलं यावाता आणखी १,६०० मैल. १५ जून १९४४ च्या रात्री यावाताच्या पोलाद कारखान्यावर पहिला हल्ला झाला तो असा.

तळ ओस का पडला त्याचं उत्तर या रचनेतच आहे. चेंगडूला जाणारा रस्ता नाही, रेल्वे नाही. पेट्रोलचा प्रत्येक थेंब विमानाने न्यायचा. लढाऊ सज्जतेतलं बी-२९ एका खेपेत जेमतेम तीन टन इंधन पलीकडे उतरवू शकत होतं. तोफा आणि चिलखत काढून टँकर केलेलं साधारण सात टन. एका विमानाच्या एका मोहिमेपुरता साठा करायला हंपवरून सहाएक खेपा लागायच्या. वारा उलटा असला की पोचवलेल्या इंधनाच्या कितीतरी पट इंधन वाटेतच जळायचं. ऑगस्ट १९४४ अखेर जनरल कर्टिस लमे कमांडर म्हणून आले, त्यांनी शिस्त आणि अचूकता दोन्ही वाढवली, पण हे गणित त्यांच्याही हातात नव्हतं.

आणि ज्या १५ जूनला यावाताकडे विमानं झेपावली त्याच दिवशी अमेरिकन सैन्य सायपान बेटावर उतरलं. सायपानहून टोकियो सुमारे १,५०० मैल आणि इंधन जहाजाने थेट दारात. नोव्हेंबरपासून तिथून हल्ले सुरू झाले, जानेवारी १९४५ मध्ये चेंगडू सोडलं, आणि फेब्रुवारीपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत भारतातले चारही ग्रुप सायपान ज्यांत येतं त्या मारियाना बेटांकडे हलले. चाकुलियाचं बी-२९ पर्व साधारण एका वर्षाचं. पुढे १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या प्रशिक्षणासाठी हे ठिकाण वापरलं गेलं. तिथे दिसणारी प्रत्येक पडकी खोली १९४४ चीच असेल असं धरून चालू नका, ते यामुळे.

एअरोनट

वरच्या माहितीत धावपट्टीच्या लांबीचं कारण जोडतो, कारण जागेवर मोजायला हाच आकडा कामी येतो.

बी-२४ साठीची मूळ धावपट्टी ६,००० फूट, म्हणजे १,८२९ मीटर. बी-२९ साठी ती ७,५०० फूट, म्हणजे २,२८६ मीटर करायची होती. बी-२४ भरून साधारण ३० टन. बँकॉकच्या मोहिमेत बी-२९ चं उड्डाणाचं वजन १,३४,००० पौंड, म्हणजे ६० टनांच्या वर. पंखांचा विस्तार ३३.५ मीटरवरून ४३ मीटर.

त्यात उन्हाळा. धावपट्टीवर ११५ फॅरनहाइट (४६ सेल्सियस) तापमान असेल तर हवेची घनता नेहमीच्या १५ अंशांच्या मानाने दहा टक्क्यांनी कमी होते. चाकुलियाची उंची समुद्रसपाटीपासून थोडीच, पण विमानाच्या दृष्टीने ते सुमारे चार हजार फुटांवरच्या मैदानातून उडण्यासारखं. पंखाला तेवढीच उचल हवी तर जमिनीवरचा वेग पाच-सहा टक्के जास्त लागतो. धाव वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे बाराएक टक्के. ६,००० फुटांवर हिशेब केला तर सातशे फूट इथेच गेले. एखादं इंजिन ऐन वेगात बंद पडलं तर थांबायला जागा हवी, ती वेगळीच.

खरी गोची इंजिनाची. राइट आर-३३५०: अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन रांगा, हवेने थंड होणारं, २,२०० अश्वशक्तीचं. मागच्या रांगेला पुढच्या रांगेने तापवलेली हवा मिळते, त्यामुळे मागच्या सिलिंडरांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा) आधी जळतात. व्हॉल्व्हचा तुकडा सिलिंडरमध्ये पडला की आग. आणि क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मधल्या पेटीत) मॅग्नेशियम असल्याने ती आग पकडली की विझत नाही, पंखाच्या मुख्य तुळईपर्यंत जाते. थंडाव्यासाठी काउल फ्लॅप (इंजिनाच्या आवरणावरच्या उघडझापीच्या पट्ट्या) पूर्ण उघडावेत तर हवेचा अडथळा वाढून विमान वेग घेत नाही. मिटावेत तर सिलिंडरचं तापमान मर्यादेबाहेर जातं. टर्बो-सुपरचार्जर पातळ हवेतली शक्तीची तूट भरून काढतो, पण थंडावा देणारी हवा मात्र तीच पातळ राहते. उपाय म्हणून वारा सिलिंडरच्या थंडाव्याच्या पात्यांवर नीट वळवणारे पत्रे बदलले, वरच्या सिलिंडरांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे तेल नेणाऱ्या जादा नळ्या बसवल्या आणि काउल फ्लॅप आखूड केले. दुरुस्ती पहाटे आणि रात्री चालायची, कारण दुपारी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला हात लावता येत नसे.

एक वेगळी नोंद. १९४४ मध्ये तीन बी-२९ व्लादिवोस्तोकला उतरली आणि सोव्हिएत संघाने ती ठेवून घेऊन त्यांची हुबेहूब प्रत म्हणजे तुपोलेव्ह टीयू-४ बनवलं. त्यांतलं एक पियारडोबाच्या ग्रुपचं, दोन सालुआच्या ग्रुपची. बंगालच्या जंगलातल्या या पट्ट्यांचा धागा शीतयुद्धाच्या सुरुवातीपर्यंत जातो तो असा.

काँक्रीट_आणि_खडी

तिसरा प्रश्न माझ्या प्रांतातला.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे माप. भारतात मेट्रिक मापं कायद्याने १९५६ नंतर आली आणि बांधकामात रुळायला साठचं दशक उजाडलं. युद्धकाळातलं सगळं फुटांत आहे. काँक्रीटच्या दोन सांध्यांमधलं अंतर स्टीलच्या टेपने मोजा. ३.०५, ३.८१, ६.१० किंवा ७.६२ मीटर आलं तर ते अनुक्रमे १०, १२.५, २० किंवा २५ फूट. ३.५०, ४.५० असं स्वच्छ मेट्रिक आलं तर बांधकाम नंतरचं. फायबरची लांब टेप यासाठी नको, ती ताणली की दोन-तीन सेंटिमीटर खाते आणि इथे निकाल तेवढ्यावरच लागतो. किमान पाच-सहा स्लॅब मोजून सरासरी घ्या, कारण तुटलेल्या कडेमुळे एकेक माप फसवतं.

विटांचंही तसंच. जुनी वीट ९ ते १० इंच लांब. नवी मॉड्युलर १९ सेंटिमीटर. पण जुन्या विटा काढून नव्या भिंतीत लावणं सर्रास चालतं. म्हणून एकटी वीट पुरावा नाही; वीट, चुना की सिमेंट, आणि पायाचं माप तिन्ही जुळलं तरच बोला.

वाढवलेला भाग शोधायचा असेल तर धावपट्टीवर आडवा सांधा बघत चला. ज्या सांध्यानंतर स्लॅबचा आकार, खडीचा रंग किंवा पृष्ठभागाची झीज अचानक बदलते, तिथे दोन वेगळ्या वेळी ओतलेलं काँक्रीट भेटलेलं आहे. ७,५०० वजा ६,००० म्हणजे १,५०० फूट, ४५७ मीटर. एका टोकाला वाढवली असेल तर बदल टोकापासून तेवढ्या अंतरावर. दोन्ही टोकांना वाढवली असेल तर दोन तुकड्यांची बेरीज तेवढी. धावपट्टीची एकूण लांबी मोबाइलच्या जीपीएसने टोकांचे बिंदू घेऊन काढली तरी चालते. तीन-पाच मीटरची चूक दोन हजार मीटरमध्ये कळतही नाही. स्लॅबसाठी मात्र जीपीएस बिनकामाचं.

काँक्रीट कुठे आणि का फुटतं तेही बघा. सांध्यातलं डांबर वाळून निघून गेलं की पाणी खाली उतरतं, वजन आलं की स्लॅबखालची बारीक माती पाण्याबरोबर सांध्यातून वर फेकली जाते, पोकळी होते आणि कोपरा तुटतो. म्हणून तुटलेले कोपरे सांध्यांच्या चौकात सापडतील, मध्ये क्वचित. गवतही सांध्यांतूनच उगवतं. कोरड्या महिन्यांत वरून घेतलेल्या चित्रात स्लॅबची जाळी स्पष्ट दिसते ती त्यामुळे. मार्च योग्य: साल पानं टाकतो, गवत वाळलेलं असतं, आणि सकाळी आठच्या आत तिरप्या उन्हात मातीचे बांध सावलीने उठून दिसतात.

हे बांध कसले? बॉम्बचा साठा धावपट्टीपासून दूर, एकमेकांपासून अंतर ठेवून, मातीच्या बांधांआड ठेवायची पद्धत असे. विमानं उभी करायच्या जागा, म्हणजे तुम्हाला दिसलेले फाट्यांच्या टोकांचे तुकडे, त्याही विखुरलेल्या ठेवत. शत्रूच्या हल्ल्याइतकीच भीती आपल्याच बॉम्बची. १४ जानेवारी १९४५ रोजी याच चाकुलियात विमानातून बॉम्ब उतरवताना स्फोट झाला, माणसं मेली, विमानं जळाली. जागा लागून असत्या तर आणखी गेली असती.

म्हणूनच एक कळकळीची विनंती: खणू नका, मेटल डिटेक्टर नेऊ नका, गंजलेली नळकांडी उचलू नका. २०२४ मध्ये शेजारच्या झाडग्राम जिल्ह्यात गोपीबल्लभपूर भागात महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला आणि तो रीतसर नष्ट करावा लागला. ऐंशी वर्षांत स्फोटक थंड पडत नाही. त्याच्या फ्यूजचा भरवसा मात्र कमी होतो.

सातबारा_वाचक

उत्तम धागा. जमिनीची बाजू राहिली, ती थोडक्यात.

युद्धकाळात असल्या जमिनी भारत संरक्षण कायद्याखाली ताब्यात घेतल्या जात. अधिग्रहण आणि संपादन यात फरक आहे. अधिग्रहणात ताबा सरकारचा, मालकी मूळ मालकाची. संपादनात मालकीच जाते. युद्ध संपल्यावर काही जमिनी परत गेल्या, काहींचं नंतर संपादन झालं आणि काहींचे कागद अर्धवट राहिले. भांडणं होतात ती या तिसऱ्या प्रकारात. आपल्याकडचं उदाहरण कल्याणजवळच्या नेवाळीचं. मलंगगड रस्त्यावरची जमीन महायुद्धात धावपट्टीसाठी घेतली, पुढे ती संरक्षण खात्याकडे राहिली, आणि जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या कागदावरून आजची माणसं रस्त्यावर येतात, म्हणून धावपट्टीच्या इतिहासात जमिनीचा कागद पहिला वाचायला हवा. चाकुलियाकडे सातबारा नाही, खतियान असतं. त्यात रयताचं नाव, प्लॉट क्रमांक आणि जमिनीचा प्रकार मिळतो.

आजची स्थितीही तपासून जा. दुधकुंडी हवाई दलाची सराव-मारा रेंज आहे, तिकडे फिरकू नका. सालुआत सुरक्षा दलांचा वावर आहे, त्यामुळे फोटो विचारल्याशिवाय नको. चाकुलियाजवळच्याच धालभूमगडच्या युद्धकालीन धावपट्टीवर प्रवासी विमानतळासाठी २०१९ मध्ये पायाभरणी झाली. सगळा परिसर कलाईकुंडा या चालू हवाई तळाच्या जवळ येतो, म्हणून ड्रोन न्यायचा असेल तर आधी सरकारच्या ड्रोनसाठीच्या डिजिटल स्काय नकाशावर त्या जागेचा रंग बघा आणि स्थानिक ठाण्यात लेखी कळवा.

टाटानगर_पॅसेंजर

सर्वांचे मनापासून आभार, एवढं एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. शेवटचं एक: युद्धानंतर लगेचची स्थिती दाखवणारा नकाशा किंवा हवाई चित्र घरबसल्या मिळेल का? म्हणजे तिथे जाण्याआधी फाट्यांचा मूळ आराखडा हाताशी राहील.

पूर्व_आघाडी

मिळेल. तीन वाटा आहेत.

अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसची यू-५०२ ही अडीच लाखात एक प्रमाणाची भारत-पाकिस्तान नकाशा मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जालावर मोफत ठेवली आहे. पन्नाशीच्या दशकातली आहे आणि विमानतळ चिन्हाने दाखवते. जमशेदपूरचा पत्रक घ्या. आराखडा कळणार नाही, पण शेजारच्या कुठकुठल्या धावपट्ट्या तेव्हा नोंदल्या होत्या ते कळेल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकात हा भाग ७३ जे मध्ये येतो.

आराखड्यासाठी कोरोना या शीतयुद्धातल्या अमेरिकन हेर उपग्रहांची चित्रं शोधा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर या स्थळावर अक्षांश-रेखांश घालून 'डीक्लासिफाइड' विभाग निवडायचा. १९६७ ते १९७२ मधल्या केएच-४बी कॅमेऱ्याची चित्रं सुमारे दोन मीटरपर्यंत बारकावे देतात. आधी कुणीतरी स्कॅन करून घेतलेली चित्रं फुकट उतरवता येतात. नसेल तर एका चित्राला ३० डॉलर. नोव्हेंबर ते एप्रिलमधलं आणि ढग दहा टक्क्यांखालचं चित्र निवडा. फिल्मची पट्टी लांब असते आणि कडेला प्रतिमा ताणलेली असते, म्हणून आजच्या उपग्रह चित्रावर बसवताना धावपट्टीची दोन टोकं, रेल्वेमार्ग आणि एखादा जुना तलाव असे निदान सहा-सात बिंदू जुळवा. फक्त धावपट्टीवर जुळवलं तर फाटे पन्नास-शंभर मीटर सरकतात.

ग्रुपचे दैनंदिन अहवाल अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या हवाई दलाच्या ऐतिहासिक संग्रहात आहेत. ग्रुपचा क्रमांक आणि महिना देऊन ईमेलने विचारणा करता येते. एप्रिल १९४४ ते मार्च १९४५ एवढाच काळ मागा, म्हणजे नेमकं शोधता येईल.

काँक्रीट_आणि_खडी

@टाटानगर_पॅसेंजर, खरगपूर-टाटानगर लोकल चाकुलियाला थांबते, सकाळची धरा. त्या पट्ट्यात हत्तींचा वावर असतो. पोचल्यावर आधी वनविभागाच्या माणसाला कळप कुठे आहे ते विचारा, मगच धावपट्टी सोडून फाट्यांवर शिरा. सोबत स्टीलची टेप, कंपास आणि खडू. कंपासने धावपट्टीची दिशा घेताना वीजतार आणि मोटारीपासून लांब उभे राहा. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक तिथे एका अंशाहूनही कमी आहे, दुरुस्ती करत बसू नका. मोजलेल्या प्रत्येक स्लॅबवर खडूने क्रमांक टाकून टेपसकट फोटो घ्या आणि मापं इथे चढवा, आपण फुटांत बसवून बघू.